डिझेल सोडलेला कारखाना

काशीस आलेला मराठी यात्रेकरू पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट पाहतो, अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली उभारलेल्या विश्वनाथाच्या मंदिरात माथा टेकतो आणि दुसऱ्या दिवशी प्रयागची किंवा गयेची गाडी धरतो. शहराच्या दुसऱ्या बाजूला, पूर्वीच्या मंडुवाडीह व २०२१ पासूनच्या ‘बनारस’ स्थानकाजवळ, रेल्वे इंजिनांचा एक प्रचंड कारखाना आहे. तिकडे त्याची पावले वळत नाहीत, आणि वळावीत अशी अपेक्षाही नाही. परंतु अर्थशास्त्र शिकून केंद्र सरकारच्या नोकरीत केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा कारखाना घाटांइतकाच विचारात पाडतो. प्रशासनात अत्यंत दुर्मीळ अशी एक गोष्ट येथे घडली आहे. एका सरकारी संस्थेचा जन्म ज्या कामासाठी झाला, जे काम तिच्या नावातच होते, तेच तिने सोडून दिले.

स्थानिक लोक या कारखान्याला ‘डीरेका’ म्हणत, म्हणजे डीझल रेल इंजन कारखाना. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली तो स्थापन झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये येथून पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. २,६०० अश्वशक्तीचे ‘डब्ल्यूडीएम-२’ हे इंजिन त्यानंतर तीन दशके भारतीय रेल्वेचा कणा होऊन राहिले. ज्या मराठी वाचकांचे बालपण आगगाडीच्या खिडकीशी गेले असेल, त्यांच्या स्मरणात त्या इंजिनाचा जड, घोगरा ठेका नक्कीच असेल. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली तेव्हापासून २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पुरे होईपर्यंत सावंतवाडी-रत्नागिरीच्या गाड्या डिझेलवरच धावत होत्या आणि त्यांची बरीचशी इंजिने वाराणसीत घडलेली होती.

२०१७ च्या आरंभी याच कारखान्यातून पहिले विजेचे इंजिन निघाले. २०१९ च्या मार्चनंतर रेल्वेच्या स्वतःच्या वापरासाठी नवे डिझेल इंजिन घडवणे जवळजवळ थांबले. परदेशी मागणीपुरते ते काम उरले. ऑक्टोबर २०२० मध्ये नावही बदलले आणि ‘डीरेका’चे ‘बरेका’ झाले, म्हणजे बनारस रेल इंजन कारखाना. रिक्षावाले अजूनही ‘डीएलडब्ल्यू’च म्हणतात, हा भाग वेगळा.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे गेली काही वर्षे व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत आणि वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर वारंवार भेटणारा एक विचार. बड्या तंत्रज्ञान कंपन्या आपल्या उत्पादनांचा पसारा आवरतात, थोडीच उत्पादने ठेवतात आणि ती उत्तम करतात, असा तो विचार. त्याचे आद्य उदाहरण म्हणून ॲपलचे नाव घेतले जाते. १९९७ साली स्टीव्ह जॉब्ज त्या कंपनीत परतले तेव्हा तिचा वर्षाचा तोटा सुमारे १ अब्ज डॉलर होता आणि संगणकांची मॉडेले इतकी होती, की त्यांतील फरक विक्रेत्यालाही सांगता येऊ नये. जॉब्ज यांनी चार घरांचा चौकोन आखला. सामान्य ग्राहक व व्यावसायिक, टेबलावरचा व सोबत नेण्याचा, अशा चार घरांत जे बसेल ते राहील, बाकीचे जाईल. गूगलमध्ये २०११ साली लॅरी पेज यांनी सूत्रे हाती घेतल्यावर हाच मार्ग धरला. प्रयोगांसाठी असलेली ‘गूगल लॅब्ज’ त्याच वर्षी बंद झाली, जुलै २०१३ मध्ये ‘रीडर’ गेला, सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस ‘ऑर्कुट’ गेले. ऑर्कुटवरील मराठी मंडळींचे समूह ज्यांनी परदेशात वा परप्रांतात राहून जोपासले होते, त्यांना ही तारीख ठाऊक असेल.

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही आपल्याकडची म्हण याच दोषावर बोट ठेवते. तेव्हा विचार नवा नाही. कंपन्यांना जे जमले ते सरकारी व्यवस्थेला जमेल का, आणि जमलेच तर त्याची किंमत कोण मोजेल, हा मला पडलेला प्रश्न आहे. त्याचा काही भाग वाराणसीच्या कारखान्याकडे पाहून उलगडतो.

डीरेकाच्या यादीत एकेकाळी काय काय होते पाहा. ब्रॉडगेजसाठी डब्ल्यूडीएम-२ आणि पुढे तिची ३,१०० व ३,३०० अश्वशक्तीची भावंडे; मीटरगेजसाठी वायडीएम-४; यार्डातले डबे इकडून तिकडे हलवण्यासाठी डब्ल्यूडीएस-६; मालगाडीसाठी वेगळी, प्रवासी गाडीसाठी वेगळी. १९९५ साली जनरल मोटर्सशी करार झाला आणि ४,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचे एक संपूर्ण वेगळे कुळ आले. म्हणजे एकाच कारखान्यात दोन परदेशी कंपन्यांच्या दोन घराण्यांचा संसार नांदू लागला. २०१२ साली ५,५०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीजी-५ निघाले. ती इंजिने मोजकीच तयार झाली. यांतील प्रत्येक इंजिनामागे कोणा हुशार अभियंत्याची मेहनत आणि कोठल्या तरी विभागाची रास्त मागणी होती. निरुपयोगी असे एकही नव्हते.

वैविध्याची किंमत ताळेबंदात स्वतंत्र ओळीने लिहिली जात नाही, हीच खरी अडचण आहे. इंजिनाचा एक नवा प्रकार म्हणजे देशभरच्या शेडमध्ये सुट्या भागांचे एक नवे कपाट, चालकांचा एक नवा प्रशिक्षणवर्ग, दुरुस्तीचे एक नवे पुस्तक आणि ते पुस्तक न वाचता केलेल्या दुरुस्त्यांची एक नवी मालिका. हा खर्च शेकडो ठिकाणी थोडाथोडा पसरलेला असल्यामुळे कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही. नव्या प्रकाराचा लाभ मात्र एका जागी, एका समारंभात, एका छायाचित्रात दिसतो.

आज वाराणसीत मुख्यतः दोनच इंजिने घडतात: प्रवासी गाड्यांसाठी डब्ल्यूएपी-७ आणि मालगाड्यांसाठी डब्ल्यूएजी-९. दोन म्हणणे हीसुद्धा औपचारिकताच. नव्वदच्या दशकात एबीबी कंपनीकडून आलेल्या तंत्रज्ञानावर उभी असलेली ही जुळी भावंडे आहेत. सुमारे ६,००० अश्वशक्तीची ताकद, सांगाडा आणि विद्युत यंत्रणा जवळपास सारखीच. मुख्य फरक दातेरी चाकांच्या प्रमाणात. त्यामुळे एक ताशी १४० किलोमीटर धावू शकते आणि दुसरे १०० वर थांबून त्या बदल्यात जड ओझे ओढते. ब्रेक लावताना दोन्ही वीज परत तारेत सोडतात. पश्चिम बंगालमधील चित्तरंजनच्या कारखान्यातही हीच इंजिने तयार होतात. डिझेलच्या शेवटच्या वर्षांत वाराणसीचे वार्षिक उत्पादन तीनशेच्या आसपास होते, आता ते चारशेच्या पुढे गेले आहे.

सोडून देण्याचा एक कमी गाजलेला दाखला मला अधिक बोधप्रद वाटतो. डिसेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात येथील अभियंत्यांनी दोन जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर करून १०,००० अश्वशक्तीचे विजेचे जोड-इंजिन बनवले. कामास ६९ दिवस लागले. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी वाराणसीत त्याला हिरवा झेंडा दाखवला. कौतुक झाले, ते योग्यच होते. तरीही अशी रूपांतरित इंजिने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली. नव्या इंजिनाचा पक्का साचा हाताशी असताना प्रत्येक जुन्या सांगाड्याची वेगळी मनधरणी करण्यात, माझ्या मते, मतलब नव्हता. ज्या कामाचे छायाचित्र पंतप्रधानांसह निघाले ते काम पुढे न वाढवणे हे सरकारी व्यवस्थेत किती अवघड असते, हे सांगायला मी पुरेशी वर्षे नोकरी केली आहे.

परंतु या चित्राची दुसरी बाजू पाहिल्याशिवाय टाळ्या वाजवू नयेत. डिझेल इंजिनाचे हृदय, म्हणजे त्याचा ब्लॉक, येथेच जोडून तासला जाई. कॅमशाफ्ट, सिलिंडर हेड अशा भागांवर येथील कामगारांचा हात बसलेला होता. विजेच्या इंजिनाचे ट्रान्सफॉर्मर, कन्व्हर्टर आणि इतर बरेच महागडे भाग बाहेरच्या पुरवठादारांकडून येतात. तेव्हा तीनशेचे चारशे झाले या आकड्यांची तुलना जपून करावी. इंजिने वाढली, प्रत्येक इंजिनातील वाराणसीच्या हातांचा वाटा कमी झाला. चाळीस वर्षांत कमावलेले धातूकामाचे एक कौशल्य एका पिढीत विरून जाईल. निर्णय चुकला असे मी म्हणत नाही. ब्रॉडगेजच्या जाळ्याचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण होत आले असता डिझेलची इंजिने कोणासाठी घडवायची? पण ज्याचे नुकसान झाले त्याचे नाव तरी घ्यावे.

कामगारांना घरी पाठवले गेले नाही, ही कंपनी आणि सरकार यांतील मोठी तफावत. डिझेलचे फिटर विजेचे काम शिकले. मात्र २०१९ च्या उन्हाळ्यात रेल्वेच्या उत्पादन कारखान्यांचे महामंडळ करण्याचा विचार पुढे आला तेव्हा याच कारखान्यातले कामगार कुटुंबांसह रस्त्यावर उतरले. आज उत्पादन बदलले, उद्या मालक बदलेल, ही त्यांची धास्ती निराधार म्हणता येणार नाही. पसारा आवरण्याची भाषा बोलणाऱ्याच्या मनात शेवटी काय आवरायचे आहे, हे ऐकणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

आणखी एक विसंगती आहे. वाराणसीत डिझेल आवरत असतानाच बिहारमधील मढौरा येथे जनरल इलेक्ट्रिकशी २०१५ साली झालेल्या करारानुसार रेल्वे एक हजार डिझेल इंजिने घेण्यास बांधलेली होती. त्याच वर्षी मधेपुऱ्यात आल्स्टॉमशी १२,००० अश्वशक्तीच्या ८०० विजेच्या इंजिनांचा करार झाला. पुढे २०२३ मध्ये दाहोदच्या कारखान्यासाठी सीमेन्सशी ९,००० अश्वशक्तीच्या इंजिनांचा झाला. म्हणजे एकेका कारखान्याच्या भिंतीआड पाहिले तर उत्पादन आटोपशीर, आणि रेल्वेभवनाच्या गच्चीवरून पाहिले तर प्रकार पुन्हा वाढलेले. प्रत्येक करारामागे कारण आहे, जसे पूर्वी प्रत्येक डिझेल इंजिनामागे होते.

आता माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे येतो. सरकारचे ‘उत्पादन’ म्हणजे योजना. आणि योजनांच्या बाबतीत आपण ॲपलच्या १९९७ पूर्वीच्या दुकानात उभे आहोत, असे मला अनेकदा वाटते.

या दुखण्याचे निदान एका मराठी माणसाने फार पूर्वी केले होते. धनंजयराव गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना राज्यांना मिळणारी केंद्रीय मदत ठरावीक निकषांवर द्यावी, हे ‘गाडगीळ सूत्र’ मान्य झाले. आणि त्याच सुमारास, १९६८-६९ मध्ये, केंद्रपुरस्कृत योजनांचा आकार त्या मदतीच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापुरता मर्यादित ठेवावा असेही राष्ट्रीय विकास परिषदेत ठरले. दिल्लीने शंभर योजना आखून राज्यांच्या गळ्यात बांधू नयेत, हा त्यातला मथितार्थ. पुढे काय झाले? २०११ साली बी. के. चतुर्वेदी समिती बसली तेव्हा योजनांची संख्या १४७ होती. समितीने ५९ कराव्यात असे सुचवले. २०१३ मध्ये मंत्रिमंडळाने ६६ केल्या. २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या उपगटाने तीसच्या आत आणा म्हटले आणि २०१६ मध्ये त्या २८ छत्रयोजनांत बसवल्या गेल्या.

छत्र हा शब्द येथे मोठा अर्थपूर्ण आहे. छत्री उघडली म्हणजे तिच्याखाली उभे राहिलेल्यांची संख्या कमी होत नाही. कागदावर एक नाव, आणि त्याखाली पूर्वीचीच अंगे-उपांगे, आपापले निकष, आपापली संकेतस्थळे, आपापले मासिक अहवाल. काही ठिकाणी खरे एकत्रीकरण झाले हे मान्य केले पाहिजे. २०१८ मध्ये सर्व शिक्षा अभियान, माध्यमिक शिक्षा अभियान आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची मिळून ‘समग्र शिक्षा’ झाली, तेव्हा निदान शाळेच्या मुख्याध्यापकाला एकाच खिडकीशी जाता येऊ लागले. पण एका ग्रामपंचायत कार्यालयात मी सेवकाला विचारले होते, की योजना एकत्र झाल्यावर नोंदवह्या किती कमी झाल्या. त्याने कपाट उघडून दाखवले. जुन्या वह्या होत्याच. वर ‘एकत्रित’ असा शिक्का असलेली एक नवी वही आली होती.

आपण योजनेचा खर्च रुपयांत मोजतो. गावपातळीवर खरी टंचाई पैशाची असतेच, परंतु तिच्याहून मोठी टंचाई माणसाच्या लक्षाची असते. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, गटविकास अधिकारी यांचे दिवसाचे तास दिल्लीत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसतात, म्हणून ते फुकट समजून वाटले जातात. दोन कोटींची एक छोटी योजना रद्द केल्याने तिजोरीचे काहीच वाचत नाही, असा युक्तिवाद मी बैठकांत ऐकला आहे. तिजोरीचे वाचत नसेल, अंगणवाडी सेविकेचे आठवड्याचे तीन तास वाचतात. त्या तीन तासांत वजन न केलेली मुले वजन करून होतात.

मग बंद का होत नाही? योजना सुरू करणाऱ्याला श्रेय मिळते. बंद करणाऱ्याला फक्त शिव्या मिळतात. जॉब्ज यांच्या चौकोनाबाहेर पडलेले ग्राहक दुसऱ्या कंपनीचा संगणक घेऊ शकले. सरकारच्या चौकोनाबाहेर पडलेल्याला दुसरे सरकार नसते. इथे येऊन कंपन्यांचे उदाहरण तोकडे पडते, आणि म्हणूनच केवळ ‘कमी करा’ असे म्हणून मला थांबता येत नाही.

जुलै २०१३ मध्ये, गूगलने रीडर बंद केल्यानंतर पंधरवड्याच्या आत, भारतीय तारसेवा बंद झाली. १८५० पासूनची सेवा. शेवटच्या दिवशी रांगा लागल्या, लोकांनी आठवण म्हणून स्वतःलाच तारा केल्या. ती गेल्याने मात्र फारसे कोणाचे अडले नाही, कारण हातोहाती भ्रमणध्वनी पोहोचला होता. सेवा जाण्याआधी पर्याय आलेला होता.

याच्या अगदी उलट प्रकार पुस्तकांच्या टपालाचा. घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला हा जिव्हाळ्याचा विषय आहे. पुणे-मुंबईच्या प्रकाशकाकडून वाराणसी, इंदूर वा गुवाहाटीला पुस्तक येई ते छापील पुस्तकांसाठीच्या सवलतीच्या नोंदणीकृत टपालाने. डिसेंबर २०२४ मध्ये ही सोय गाजावाजा न होता बंद झाली. हिशेबाच्या दृष्टीने ती एक किरकोळ बाब असणार. टपाल खात्याच्या एकूण व्यापात तिचे स्थान ते केवढे! पण छोट्या प्रकाशकाला दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहावर तेवढ्याच्या जवळपास जाणारा पाठवणीचा खर्च परवडत नाही. ओरड झाली आणि १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले. तीनशे ग्रॅमला २० रुपये, पाच किलोला १०० रुपये. चांगले झाले. मधले साडेचार महिने कोणाच्या खात्यावर टाकायचे? शिवाय नव्या सेवेत नियतकालिके बसत नाहीत. तेव्हा चारशे पानांचा दिवाळी अंक पुस्तक की नियतकालिक, हा वाङ्मयीन वाद आता टपालाच्या खिडकीवरच्या कारकुनाने सोडवायचा आहे. पुढे १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. दोन सेवांची एक सेवा होणे व्यवस्थापनाच्या दृष्टीने योग्यच. पण दोहोंतली जी स्वस्त होती तीच गेली, हेही लक्षात ठेवावे.

वाराणसीच्या कारखान्याने डिझेल सोडले तेव्हा विजेच्या तारा आधी पसरल्या होत्या, साचा आधी सिद्ध झाला होता आणि दोन वर्षे दोन्ही प्रकारची इंजिने शेजारीशेजारी घडत होती. पुस्तकांचे टपाल बंद झाले तेव्हा यांतले काहीच नव्हते.

२०१६ पासून प्रत्येक केंद्रीय योजनेला समाप्तीची तारीख असते आणि वित्त आयोगाच्या कालखंडाबरोबर तिची फेरतपासणी व्हावी असा नियम आहे. ३१ मार्च २०२६ ही पंधराव्या आयोगाच्या कालखंडाची अखेर. तिच्या निमित्ताने शेकडो फायली मूल्यमापनाच्या टप्प्यातून जातात. माझा अनुभव असा, की या टप्प्यावर विचारला जाणारा प्रश्न ‘योजना चालू ठेवण्यास हरकत आहे काय’ हा असतो, आणि हरकत कोणाचीच नसते. माझ्याकडे येणाऱ्या टिपणांत मी दोन रकाने वाढवून घेतो. योजना चालू ठेवली तर क्षेत्रातील कर्मचाऱ्याचे आठवड्याचे किती तास जातील, हा एक. ती बंद केली तर शेवटचा लाभार्थी दुसऱ्या दिवशी कोणत्या दाराशी जाईल आणि ते दार आज उघडे आहे का, हा दुसरा. पहिला रकाना बहुतेक अधिकारी अंदाजाने का होईना, भरतात. दुसरा बहुधा कोराच येतो, आणि तो कोरा असेल तर मी फाईल परत पाठवतो, मग टिपण योजना चालू ठेवण्याचे असो वा बंद करण्याचे.